टे नदीचं पाणी कधी, किती थंड असतं आणि त्यात उतरायचं कसं

प्रश्न असा आला आहे: सप्टेंबरमध्ये एमएस्सीसाठी स्कॉटलंडमधल्या डंडीला जातोय. सांगलीत कृष्णेत पोहतच मोठा झालो, पुराच्या पाण्यातही उतरलोय. तिथल्या टे नदीचं पाणी कोणत्या महिन्यात किती थंड असतं, पोहायला सुरक्षित महिने कोणते आणि वेटसूट घ्यावाच लागेल का?

टेच्या खोऱ्यात मी बरीच वर्षं उघड्या पाण्यात पोहायला शिकवतो. दर सप्टेंबरला असा प्रश्न घेऊन कोणीतरी भेटतंच, म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

आधी आकडे. जानेवारी-फेब्रुवारीत पाणी २ ते ५ अंश सेल्सिअस असतं, मार्चमध्ये फारसा फरक पडत नाही. एप्रिलमध्ये ६ ते ९, मे महिन्यात ९ ते १३, जूनमध्ये १२ ते १६. जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट हा सर्वांत उबदार काळ, तेव्हा १५ ते १८. कडक उन्हाळ्यात, २०१८ साली पडला तसा, पाणी आटलेलं असेल तर २० च्या वरही जातं, पण त्या भरवशावर बेत आखू नका. सप्टेंबरात १२ ते १४, ऑक्टोबरात ८ ते ११, नोव्हेंबरात ५ ते ८ आणि डिसेंबरात पुन्हा तळाकडे. हे मुख्य प्रवाहातले, पर्थ शहराच्या वरच्या अंगाचे ढोबळ आकडे आहेत. उथळ कडेला दुपारी दोन अंश जास्त भरतील, डोंगरात पाऊस झाला की दोन अंश कमी. म्हणजे टेचं वर्षातलं सर्वांत उबदार पाणीसुद्धा साधारणपणे तुमच्या कृष्णेच्या डिसेंबरातल्या पाण्यापेक्षा गारच असतं. ही एक गोष्ट नीट मनात बसली की पुढचं सगळं सोपं जाईल.

नदी एवढी थंड का, तेही थोडक्यात सांगतो, कारण महिन्यांचं गणित त्यातच आहे. टे उगम पावते पश्चिमेच्या डोंगरात, बेन लुईच्या उतारावर, आणि साधारण १९० किलोमीटर वाहून डंडीपाशी खाडीला मिळते. वाटेत ती लॉख टे या तळ्यातून जाते. हे तळं सुमारे २३ किलोमीटर लांब आणि १५० मीटरहून खोल आहे. एवढा मोठा साठा म्हणजे जाड बुडाचं पातेलं: तापायला वेळ, निवायलाही वेळ. त्यात बेन लॉअर्ससारख्या १,२०० मीटरच्या वरच्या डोंगरांच्या घळीत बर्फ मे महिन्यापर्यंत टिकतो आणि वितळून नदीतच येतो. म्हणून इथे हवा आणि पाणी यांची कॅलेंडरं वेगवेगळी चालतात. दिवस सर्वांत मोठा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात असतो, तर पाणी सर्वांत उबदार होतं त्यानंतर महिना-दीड महिन्याने. थंडी सर्वांत जास्त जानेवारीत वाटते, पण पाणी मार्चमध्येही जवळपास तितकंच गार असतं.

यातूनच इथला सर्वांत मोठा सापळा तयार होतो, तो म्हणजे एप्रिल-मे. सहा महिन्यांच्या अंधारानंतर पहिल्यांदा ऊन पडतं, पारा २० च्या पुढे जातो, अख्खं गाव अर्ध्या बाहीचे शर्ट घालून नदीकाठी येतं. पाणी निळं, स्वच्छ, तळाचे दगड दिसतील असं. आणि त्याच दिवशी थर्मामीटर बुडवलात तर आठ किंवा नऊ अंश. जानेवारीत कोणी चुकून उडी मारत नाही, कारण काठावर उभं राहूनच दात वाजतात. मे महिन्यात अंग तापलेलं असतं, तेव्हा मोह होतो, आणि नेमकं तापलेल्या अंगालाच गार पाणी जास्त झोंबतं.

भारतातून नव्याने आलेल्यांच्या बाबतीत हे फार वाईट जुळून येतं. एप्रिल २०२४ मध्ये तुमच्याच डंडी विद्यापीठातले दोन भारतीय विद्यार्थी मित्रांबरोबर पिटलॉख्रीच्या वरच्या बाजूला लिन ऑफ टमेल या धबधब्यापाशी फिरायला गेले होते, तिथे ते बुडून गेले. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी, जून २०२४ च्या सुरुवातीला, रशियातल्या वेलिकी नोवगोरोदमध्ये वोल्खोव नदीत चार भारतीय विद्यार्थी बुडाले. नेमकं काय घडलं यावर दुरून मत द्यायचा मला अधिकार नाही आणि या मुलांना कोणी बेफिकीर म्हणू नये. मात्र दोन्हीकडचा महिना बघा. आपल्याकडे एप्रिल ते जून म्हणजे पाण्यात डुंबायचे दिवस. उत्तरेच्या नद्यांवर तेव्हा हिवाळा नुकताच ओसरलेला असतो.

आता तुम्ही न विचारलेला, पण माझ्या दृष्टीने मुख्य प्रश्न: गार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात अंगाचं काय होतं?

थंड पाणी अचानक त्वचेला लागलं की छाती आपोआप एक मोठा श्वास आत ओढते. हा श्वास तुम्ही घेत नाही, तो घेतला जातो. त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर हवेऐवजी पाणी आत जातं. मग श्वास भराभर, उथळ, आपल्या ताब्याबाहेर चालू लागतो. काठावर मिनिटभर श्वास रोखू शकणाऱ्या माणसाला गार पाण्यात दहा सेकंदही तो रोखता येत नाही. नाडी वेगाने धावू लागते, त्वचेतल्या रक्तवाहिन्या आक्रसतात, रक्तदाब चढतो. हृदयाचा काही त्रास असेल, माहीत असलेला किंवा नसलेला, तर तो इथेच डोकं वर काढतो. हा सगळा गोंधळ पहिल्या अर्ध्या मिनिटात टोकाला असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो.

पाणी ५ अंशांचं असेल तरच हे होतं असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. १५ च्या खाली गेलं की हा धक्का खरा होतो आणि १० ते १५ अंशांच्या पट्ट्यातच तो जवळजवळ पूर्ण जोराने बसतो. त्यामुळे ‘आज बारा आहे, म्हणजे बरंच बरं’ या विचाराला पहिल्या मिनिटापुरता काही अर्थ नाही. बारा आणि सहा यांतला फरक नंतर कळतो, हातपाय किती लवकर निकामी होतात त्यात.

कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट हे यासाठी एक-दहा-एक असं सोपं सूत्र सांगतात. बर्फाळ पाण्यात पडलात तर श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाचे असेपर्यंत दहा मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास. आकडे माणसागणिक, पाण्यागणिक बदलतात, पण क्रम बदलत नाही. लोक घाबरतात ते शेवटच्या टप्प्याला, गारठून मरण्याला. नदीत जीव जातो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन टप्प्यांत. तोपर्यंत शरीराचं आतलं तापमान उतरलेलंही नसतं.

दुसरा टप्पा पट्टीच्या पोहणाऱ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण तो खास त्यांच्यासाठी आहे. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या पोर्ट्समथ विद्यापीठातले संशोधक माइक टिप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा चांगल्या पोहणाऱ्यांना प्रवाही टाकीत जास्तीत जास्त ९० मिनिटं पोहायला लावलं. २५ अंशांच्या पाण्यात दहाच्या दहा जणांनी वेळ पूर्ण केला. १८ अंशांत आठ जणांनी. १० अंशांत पाच जणांनी. जे थांबले त्यांना पोहता येत नव्हतं असं नाही. रक्त आतल्या अवयवांकडे वळल्यामुळे दंड आणि पंजे गार पडतात, बोटं फाकतात, हात आखडता पडतो, पाय खाली जातात आणि माणूस आडवा तरंगण्याऐवजी उभा होत जातो. उभ्या माणसाला पुढे सरकायला दुप्पट कष्ट पडतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा दमला. ताकद असते, पण स्नायू ऐकत नाहीत.

म्हणून मी शिकवताना नवीन माणसाला तू किती अंतर पोहतोस असं विचारत नाही, गार पाण्यात शेवटचा कधी होतास एवढंच विचारतो. कृष्णा आरपार करणाऱ्याचं कौतुक आहेच, पण ते कसब २५ अंशांतलं आहे. उलट काठावरून फार शूर न वाटणारी, साठीची स्कॉटिश आजी नोव्हेंबरात सात अंशांत शांतपणे पाच मिनिटं डुंबून बाहेर येते, कारण तिच्या अंगाला तो धक्का ओळखीचा झाला आहे.

ही ओळख करून घेता येते, हीच यातली आनंदाची बाजू. गार पाण्यात दोन-तीन मिनिटांच्या पाच-सहा डुबक्या, काही दिवसांच्या अंतराने, एवढ्यावरसुद्धा तो पहिला धक्का निम्म्याच्या आसपास उतरतो आणि ही सवय काही महिने टिकते. लक्षात ठेवा, सवय होते ती पहिल्या मिनिटाची. हात-पाय गार पडणं त्याने थांबत नाही.

इथे तुमचं नशीब चांगलं आहे. तुम्ही सप्टेंबरमध्ये येताय. हवा आणि पाणी दोन्ही १३-१४ च्या आसपास, कुठलाही फसवा उकाडा नाही, आणि पुढे दर आठवड्याला पाणी अर्धा-एक अंशाने उतरत जाणार. नदी स्वतःच तुम्हाला पायरी-पायरीने थंडीत नेते. मे महिन्यात सुरुवात करणाऱ्याला ही सोय नसते. आल्या आल्या सुरू करा, आठवड्यातून दोनदा पाण्यात जा, पहिल्या वेळी तीन मिनिटं पुरे. पोहायचं नाही, नुसतं श्वास लागेपर्यंत आणि मग तो बसेपर्यंत कंबरभर ते छातीभर पाण्यात उभं राहायचं. आत जाताना चालत जा, मनगटं आणि मान आधी ओली करा, तोंडाने लांब उच्छ्वास सोडत राहा. कोणाशी तरी बोला. पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं की समजा श्वास ताब्यात आला, मग खांदे बुडवा. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी ९ वर येईल तेव्हा पाच ते आठ मिनिटांच्या वर राहू नका. ‘जितके अंश तितकी मिनिटं’ असा एक ठोकताळा इथे सांगितला जातो. पहिल्या हिवाळ्यासाठी मला तो सढळ वाटतो. नोव्हेंबरनंतर चालू ठेवायचं की एप्रिल उलटेपर्यंत थांबायचं, हे तेव्हा ठरवा. थांबलात तर मे महिन्यात स्वतःला पुन्हा नवखा समजा.

आणि सूर मारणं बंद. हे जरा कडक सांगतो, कारण सांगलीकराला पुलावरून उडी टाकायची सवय असते आणि इथेही जुलैच्या उन्हात पोरं पुलांवरून उड्या मारतात. डोक्यावर एकदम गार पाणी बसलं की दोन परस्परविरोधी हुकूम हृदयाला एकाच वेळी मिळतात: त्वचा म्हणते धाव, चेहऱ्यावरचं पाणी आणि रोखलेला श्वास म्हणतात मंद हो. या ओढाताणीत तरुण, धडधाकट माणसाच्या हृदयाचे ठोकेही चुकू शकतात. शिवाय टेच्या पात्रात पुलांखाली खडक, बुडालेली झाडं, जुने लोखंडी तुकडे असतात आणि प्रत्येक पुरात त्यांची जागा बदलते.

आता प्रवाहाकडे. तापमान इतकं बोललं जातं की पाण्याची ओढ मागे राहते. ब्रिटनमध्ये सर्वांत जास्त पाणी वाहून नेणारी नदी हीच, पर्थच्या वर बॅलथी इथे प्रवाह मोजतात, तिथे सरासरी सेकंदाला १७० घनमीटरच्या आसपास. जानेवारी १९९३ च्या पुरात तिथे २,२०० च्या वर नोंद झाली आणि पर्थचा बराच भाग पाण्याखाली गेला. आपल्याकडे पूर येतो तो श्रावणात, कोमट गढूळ पाण्याचा. इथले मोठे पूर हिवाळ्यातले: पाऊस, वितळता बर्फ आणि चार अंशांचं पाणी, सगळं एकदम. त्यामुळे पुराच्या पाण्यात पोहण्याचा तुमचा अनुभव इथे उपयोगी पडणार नाही. तो इथे वापरायला जाऊच नका.

आयर्विन पुलाखाली पाणी किती फुटांवर आहे हे सांगलीत प्रत्येक घरात माहीत असतं, ४० ला इशारा, ४५ ला धोका. तशीच सवय इथे लावून घ्या. सेपा ही स्कॉटलंडची पर्यावरण यंत्रणा नद्यांची पातळी संकेतस्थळावर देते. एक फरक आहे: तो आकडा म्हणजे नदीची खोली नव्हे, त्या त्या ठिकाणच्या ठरावीक खुणेपासूनची उंची. म्हणून नुसतं ‘१.२ मीटर’ वाचून काही कळत नाही, त्या ठिकाणची नेहमीची पातळी काय आणि गेल्या दोन दिवसांत आलेख चढतोय की उतरतोय हे बघायचं. आलेख चढता असेल तर मी जात नाही, ऊन असलं तरी. वर डोंगरात आदल्या रात्री पडलेला पाऊस खाली पोचायला वेळ लागतो आणि तो पोचतो तेव्हा खाली आभाळ निरभ्र असू शकतं.

टमेल या टेच्या उपनदीच्या बाजूला आणखी एक भानगड आहे. त्या खोऱ्यात धरणं आणि जलविद्युत केंद्रं एकामागून एक आहेत. पिटलॉख्रीचं धरण १९५० च्या सुमाराचं, त्याच्यामागे लॉख फॅस्कली. वीजकेंद्र चालू झालं की खालचं पाणी बघता बघता वाढतं. काठावर तशा सूचनांच्या पाट्या असतात, त्या शोभेच्या नाहीत. लिन ऑफ टमेलसारख्या जागी पात्र खडकांतून अरुंद होतं, दगडांवर बुळबुळीत शेवाळ असतं, खाली रांजणखळगे आणि डोह. निघोजला कुकडीच्या पात्रात जे पाहिलं असेल तसंच, फक्त गार आणि वाहत्या पाण्याने भरलेलं. तिथे फोटो काढायला जा, पण खडकाच्या कडेपासून लांबूनच, आणि पायात चांगली पकड असलेले बूट असू द्या. अशा ठिकाणी बुडणाऱ्यांतले बरेच जण पोहायला गेलेलेच नसतात.

प्रवाहात सापडलात तर दोन गोष्टी. गुडघ्याच्या वर वाहतं पाणी असेल तर उभं राहायचा प्रयत्न करू नका. पाऊल दोन दगडांत अडकलं की प्रवाह तुम्हाला पुढे पाडतो आणि तोंड पाण्याखाली जातं. उताणं व्हा, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, बोटं वर, आणि तिरकं तिरकं काठाकडे सरका. प्रवाहाच्या विरुद्ध पोहून आल्या जागी परत जायचा हट्ट सोडा, काठ पुढेही असतो. दुसरं, पाण्यात पडलेल्या झाडांपासून लांब राहा. फांद्यांतून पाणी जातं, माणूस अडकतो.

आणि अनपेक्षितपणे पाण्यात पडलातच, तर पहिलं मिनिट पोहायचं नाही. हे पट्टीच्या पोहणाऱ्याला सर्वांत अवघड जातं. डोकं मागे टाका, कान पाण्यात बुडू द्या, हात अलगद हलवत तरंगत राहा, श्वास बसू द्या. आरएनएलआय ही इथली जीवरक्षक नौकांची संस्था गेली काही वर्षं याचाच प्रचार करते आहे: जगायचं तर आधी तरंगा. श्वास बसला की मग ओरडा, काठ बघा, पोहा.

मग उतरायचं कुठे? पहिल्या वर्षी मुख्य नदीत नकोच, असं माझं मत आहे. लॉख टेच्या टोकाला केन्मोर गावाजवळ उतरता किनारा आहे, तळ हळूहळू खोल होतो, कडेला ओढ नाही. फक्त तळं जिथून नदीत सुटतं त्या पुलाकडे जायचं नाही. डंडीहून ते लांब पडतं, म्हणून रोजच्यासाठी ब्रॉटी फेरी. डंडीच्या पूर्वेला खाडीच्या तोंडाशी हे जुनं कोळ्यांचं गाव, आणि तिथे ये अँफिबियस एन्शंट्स बेदिंग असोसिएशन या लांबलचक नावाचं पोहणाऱ्यांचं मंडळ १८८४ पासून आहे. नववर्षाच्या दिवशी ते बंदरात सामुदायिक उड्या घेतात, त्याला इथे डूक म्हणतात. तुम्ही पहिल्या वर्षी काठावरून टाळ्या वाजवा. पण त्यांच्यात मिसळा, कारण भरती-ओहोटीचं गणित पुस्तकातून शिकण्यापेक्षा तिथल्या म्हाताऱ्यांकडून लवकर कळतं. खाडीत ओहोटीची ओढ जबर आहे, एकट्याने तिथे उतरायचं नाही. समुद्राचं पाणी नदीपेक्षाही आळशी: हिवाळ्यात नदीपेक्षा थोडं उबदार, उन्हाळ्यात गार, आणि तळ गाठतं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये. भरतीचा परिणाम थेट पर्थपर्यंत जाणवतो, तेव्हा शहराजवळची नदी शांत दिसली तरी ती कायम तशी राहत नाही.

कायद्याची अडचण नाही. स्कॉटलंडच्या २००३ च्या भूमी सुधारणा कायद्याने नद्या-तळ्यांत पोहायचा हक्क सगळ्यांना आहे, जबाबदारीने वागण्याच्या अटीवर. त्याचा अर्थ असाही की नदीकाठी जीवरक्षक नसतो.

वेटसूट घ्या, पण तो कशासाठी हे समजून घ्या. तो पाणी बाहेर ठेवत नाही. आत शिरलेला पाण्याचा पातळ थर तुमच्या उबेने तापतो आणि निओप्रीनमुळे तुम्ही थोडे तरंगता. पहिला धक्का तो कमी करतो, संपवत नाही, मानेतून गार पाणी पाठीवर ओघळलं की कळेलच. पोहण्यासाठीचा, ३ ते ५ मिलिमीटरचा, अंगाला घट्ट बसणारा घ्या. ढगळ वेटसूट म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. पैसे कमी असतील तर नवा महाग सूट घेण्यापेक्षा वापरलेला सूट आणि नवे हातमोजे-पायमोजे घ्या, कारण आधी बोटंच जातात आणि बोटं गेली की चेनसुद्धा ओढता येत नाही. भडक रंगाची टोपी आणि कमरेला दोरीने बांधायचा हवा भरलेला फुगा, टो फ्लोट, हे दोन्ही हवंच. फुगा दिसण्यासाठी आहेच, धाप लागली तर त्याला धरून तरंगताही येतं. एक साधं तरंगतं थर्मामीटर पण ठेवा. अंदाजाने कोणालाच पाण्याचे अंश कळत नाहीत, मलाही नाही.

बाहेर आल्यावरचा अर्धा तास लोक हलक्यात घेतात. पाण्यातून निघाल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच राहतं, म्हणून माणूस काठावर ठीक असतो आणि दहा मिनिटांनी हुडहुडी भरते. ओले कपडे लगेच काढा, आधी छाती-पोट कोरडं करा, बरेच सैल कपडे चढवा, टोपी घाला. चेन आणि बटणं असलेले कपडे नेऊ नका, तेव्हा बोटं चालत नाहीत. गरम पाण्याची अंघोळ ताबडतोब नको, त्याने चक्कर येऊ शकते. थर्मासमधला गोड चहा चालेल, आल्याचा असेल तर मलाही एक कप ठेवा. दारू नको, ना आधी ना नंतर. कुडकुडणं थांबेपर्यंत गाडी चालवू नका. एखाद्याचं बोलणं जड झालं, हालचाल वेंधळी झाली किंवा जोरात कुडकुडणारा अचानक कुडकुडायचा थांबून गप्प बसला, तर ती धोक्याची खूण. त्याला आडवं ठेवा, गुंडाळा, अंग चोळू नका, चालवत फिरवू नका आणि मदत बोलवा.

पोहताना किंवा नंतर खोकला येऊन फेसाळ, गुलाबीसर थुंकी आली किंवा दम लागायचा थांबेना, तर ते फुप्फुसात पाणी साचण्याचं लक्षण असू शकतं. तरुणांनाही होतं. लगेच बाहेर या आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तदाब, दमा, हृदयाचा त्रास, फिट येणं यांपैकी काहीही असेल तर सुरुवात करण्याआधीच डॉक्टरांशी बोला.

मित्र बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. आपल्याकडे ही गोष्ट सांगणं क्रूर वाटतं, पण तुम्हालाही तोच पहिल्या मिनिटाचा धक्का बसणार आहे आणि तुम्ही कपड्यांत असणार. त्याला ‘उताणा हो, तरंग’ असं ओरडून सांगा. काठावर लाल-पांढरं रिंग किंवा दोरीची पिशवी असेल ती टाका, नसेल तर फांदी, गुंडाळलेलं जॅकेट, काहीही. नजर त्याच्यावरून हलवू नका. ९९९ लावा. नदी किंवा तळं असेल तर पोलीस आणि अग्निशमन मागा, खाडी-समुद्र असेल तर कोस्टगार्ड. डोंगराळ भागात फोनला रेंज नसते, म्हणून उतरण्याआधीच रेंज कुठपर्यंत आहे आणि त्या जागेला काय म्हणतात हे बघून ठेवा. ‘नदीच्या कडेला, झाडांजवळ’ हा पत्ता टेवर १९० किलोमीटर कुठेही लागू पडतो.

शेवटी कोळ्यांबद्दल, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांबद्दल. टे सामन माशासाठी जगप्रसिद्ध आहे. १९२२ मध्ये जॉर्जिना बॅलंटाइन या बाईंनी इथे ६४ पौंडांचा सामन गळाला लावला, तो ब्रिटनमधला विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. हंगाम १५ जानेवारी ते १५ ऑक्टोबर. एकेका टप्प्यासाठी लोक भरपूर पैसे मोजतात आणि त्यांच्या गळासमोर डुंबणारा माणूस त्यांना अजिबात आवडत नाही. काठावर कोणी दिसलं तर विचारून, लांबून जा. रविवारी स्कॉटलंडमध्ये सामनची मासेमारी बंद असते, त्यामुळे हंगामात नदीकाठी जायचं तर तोच दिवस निवांत.